झाकावे की उकरावे?

२०२२ सालच्या उन्हाळ्यात आम्ही इंदूरचे आमचे घर विकावयाचे ठरविले. मुलगा वडोदऱ्यास नोकरीला, मुलगी लग्न होऊन पुण्यास, आणि एवढ्या घरात आम्ही दोघेच. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगितली होती. तिच्यासाठी पैसा हवा होता आणि पुढे कोणाचा तरी आधारही हवा होता. गिऱ्हाईक लवकर मिळाले. एक तरुण जोडपे, दोघेही नोकरी करणारे, आणि त्या तरुणाची काठी टेकून चालणारी वृद्ध आई. भाव ठरला, बयाणा घेतला, आणि पावसाळ्याआधी रजिस्ट्री करावी असे ठरले. निघता निघता तो तरुण फाटकाशी थांबला व म्हणाला, "काका, गाडी आत आणायचा हा रस्ता तेवढा नीट करून द्याल ना? बाकी घर आम्हाला पसंत आहे."

मी "हो" म्हणालो. त्या एका 'हो'ने पुढे पंधरा दिवस मला सुखाने झोपू दिले नाही. त्याचीच ही हकीकत आहे. सिमेंट, रेती आणि खडी यांच्या गोष्टी या पानांवर कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु मनुष्याच्या सचोटीची परीक्षा पुष्कळदा अशाच किरकोळ ठिकाणी होते, आणि तेथे आपण सावध नसतो.

दोन मार्ग

आमच्या फाटकापासून पोर्चपर्यंत ३० फूट लांब, ९ फूट रुंद व ४ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा आहे. १९९१ साली घर बांधले तेव्हाच तो घातला. मध्यभागी त्याला एक लांब आडवी भेग होती. पोर्चजवळचा भाग दीड इंच खाली बसला होता. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा नळ तेथेच उतरतो, त्या जागी पृष्ठभागाचे पोपडे निघून खडी उघडी पडली होती. आम्ही त्यावर झाडांच्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. शोभेसाठी, असे आम्ही म्हणत असू.

मिस्त्री आला. त्याने पहार उलटी धरून जागोजागी ठोकून पाहिले. फाटकाकडे टणटण असा खणखणीत आवाज आला. पोर्चजवळ मात्र रिकाम्या डब्यावर मारावे तसा आवाज निघाला. तो म्हणाला, "माटसाब, खाली पोकळ आहे." मग त्याने दोन मार्ग सांगितले. पहिला मार्ग म्हणजे पोकळ भाग फोडावयाचा, खालची माती काढावयाची, भरणी करून नवे काँक्रीट घालावयाचे. खर्च चाळीस-बेचाळीस हजार. दुसरा मार्ग म्हणजे दोन-तीन गोणी सिमेंट, वरून अर्ध्या इंचाचा थर, एका संध्याकाळचे काम. खर्च पाच हजारांच्या आत.

"ऊपर से चकाचक कर दूँगा," तो म्हणाला. "एक बरसात तो निकाल ही देगा."

"आणि मग?" मी विचारले.

तो हसला. "तब तक तो आप बड़ौदा में होंगे।"

तो वाईट मनुष्य नव्हता. त्याने माझ्यापासून काहीच लपविले नाही. दोन्ही मार्ग, दोन्हींचे दर आणि दोन्हींचे परिणाम त्याने सरळ सांगितले. निवड माझी होती. मी त्याला म्हणालो, "उद्या सांगतो." पण तो उद्या आठवडाभर आला नाही.

काँक्रीट का फुटते?

या आठवड्यात मी काँक्रीटविषयी जे मिळेल ते वाचले आणि जाणकारांना विचारले. पुष्कळ लोकांचा असा समज असतो की सिमेंट वाळून घट्ट होते. तसे नाही. सिमेंट व पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन ते दगडासारखे होते. म्हणून ते लवकर वाळले तर कमकुवत राहते आणि ओले ठेवले तर बळकट होते. त्याची ताकद हळूहळू वाढते; चाचणीसाठी २८ दिवसांचा अवधी धरण्याची पद्धत आहे. आज आपण जे सिमेंट वापरतो त्याच्या मूळ कृतीचा हक्क इंग्लंडातील जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली नोंदविला. तेव्हापासून दोनशे वर्षांत जगभर ते पसरले, पण त्याचा स्वभाव तोच राहिला. दाब ते भरपूर सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे एक दशांशच सोसते. वरून वजन आले तर त्याला चिंता नाही. पण खालचा आधार एका बाजूने सरकला, पट्टा वाकू लागला, की त्यास तडा जातो.

आमच्या माळव्यात हा आधार सरकवणारी जी वस्तू आहे ती काळी माती. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली ही माती विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि वडोदऱ्याकडच्या वाचकांना सांगावयास नको. बेळगावच्या पूर्वेकडील तालुक्यांतही ती आहे. कापसाला आणि गव्हाला ती माउली. घर बांधणाऱ्याला मात्र ती सासू. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट घातले तर वर्षातून एकदा ती त्याला उचलणार आणि एकदा सोडून देणार. त्यातच गच्चीचे पाणी एकाच ठिकाणी मुरत राहिले तर ती बाजू अधिक हलते, आणि माती वाहून जाऊन खाली पोकळी होते. अशा ठिकाणी माणसे चालत असतात तोवर निभावते. जड गाडी आली म्हणजे एके दिवशी पट्टा खचतो.

वरून अर्ध्या इंचाचा थर दिल्याने यातले काय बदलते? काहीच नाही. खालची पोकळी तशीच, पाणी तसेच, माती तशीच. शिवाय तो थर जुन्या धुळकट, सुटत चाललेल्या पृष्ठभागाला धरीत नाही. कडेला तो कागदासारखा पातळ होतो आणि तेथूनच सुटू लागतो. खालची भेग हलली की तीच भेग वरच्या थरात उमटते. फरक पडतो तो एवढाच की काही महिने ती दिसत नाही. म्हणजे मी जे पाच हजार देणार होतो ते दुरुस्तीचे नव्हतेच. ते न दिसण्याचे दाम होते.

गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का?

इतके कळल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता. पण मन वकील असते. ते म्हणाले, त्या मुलाने 'नीट करून द्या' म्हटले. किती वर्षे टिकले पाहिजे हे कोठे म्हटले? तू एक शब्दही खोटा बोलणार नाहीस. घर विकताना सगळेच रंग लावतात. मग रंग चालतो आणि सिमेंट का चालू नये? घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आणि सौ.च्या गुडघ्यांसाठी प्रत्येक हजार मोलाचा आहे, तो काय परक्याच्या गाडीखाली घालावयाचा?

त्या रात्री मला पूर्वी माझ्या शब्बाथशाळेच्या वर्गातील एका मुलाने विचारलेला प्रश्न आठवला. धडा खोट्या साक्षीविषयीच्या आज्ञेचा होता. तो म्हणाला, "सर, तोंडाने खोटं बोललोच नाही, नुसतं सांगितलं नाही, तर ती लबाडी कशी?" मी तेव्हा, देव सर्व पाहतो, असे काहीतरी म्हणून पुढे गेलो. मुलाने उत्तर मागितले होते आणि मी त्याला दटावणी दिली होती. आता तोच प्रश्न माझ्या फाटकात उभा होता.

प्रश्न जुना आहे. रोमचा सिसेरो याने इ.स. पूर्व ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात नेमके हेच उदाहरण आहे. एक मनुष्य घर विकतो. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड खराब आहे. पण हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? यावर दोन तत्त्वज्ञांची मते सिसेरोने मांडली आहेत. बाबेलचा डायोजेनीस म्हणतो, घे असा कोणी आग्रह केला होता काय? घेणाऱ्याला स्वतःची बुद्धी आहे. आपल्याच मालाचे दोष ओरडून सांगणारा विक्रेता तर मूर्खच म्हणावयाचा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे हे वाईट. जाणूनबुजून कोणास चुकीत जाऊ देणे हे त्याहून वाईट. सिसेरोने निवाडा अँटिपेटरच्या बाजूने दिला. त्याने एक भेद केला तो मला महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक गप्प राहणे म्हणजे लपविणे नव्हे. पण जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते, स्वतःच्या फायद्यासाठी, त्याला कळू नये असे इच्छिणे म्हणजे लपविणे होय.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याच प्रश्नात आणखी एक रेघ ओढली. दोष उघड दिसत असेल, जसे एका डोळ्याचा घोडा, तर विकणाऱ्याने तो मुद्दाम सांगितलाच पाहिजे असे नाही, फक्त भाव वाजवी असावा. पण दोष आत दडलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार किंवा त्याला धोका असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे.

आणि आपला कायदा? मला वाटत होते कायदा या भानगडीत पडत नसेल. पण १८७२ चा करारांचा कायदा पाहिला तर त्याच्या सतराव्या कलमात हाच भेद आहे. नुसते मौन म्हणजे सहसा फसवणूक नव्हे. परंतु माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकणे ही फसवणूक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात, पंचावन्नाव्या कलमात, घर विकणाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी घातली आहे. जो मोठा दोष त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणारा नाही, तो त्याने सांगितला पाहिजे.

आता माझी वकिली पाहा. रंग आणि सिमेंट यांतला फरक काय? भिंत जुनी आहे हे रंगाखालीही सर्वांस ठाऊक असते. रंगाने कोणाची समजूत बदलत नाही. सिमेंटचा तो थर मात्र त्या मुलाची समजूत बदलावी यासाठीच द्यावयाचा होता. भेग उघडी असती तर ती अक्वायनसच्या घोड्याचा डोळा होती, दिसणारी. थर दिल्याबरोबर ती सिसेरोच्या घरातला साप झाली असती. म्हणजे मी नुसता गप्प राहणार नव्हतो. मी पाच हजार रुपये देऊन बोलणार होतो, आणि ते बोलणे खोटे होते. तोंडाऐवजी थापीने बोललेले एवढाच फरक.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना येथे यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायातील भिंत आठवेल. कच्ची भिंत कोणी उभी करते आणि संदेष्टे म्हणविणारे तिला वरून चुना फासतात. मग पाऊस, गारा आणि वादळ येऊन ती पडते व तिचा पाया उघडा होतो. मी हा अध्याय कित्येकदा वाचला होता. चुन्याची बालदी आपल्याच हाती असेल असे कधी वाटले नव्हते.

सौ.ला सारे सांगितले. ती भाजी निवडीत होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, त्यांच्या आईची काठी पोर्चजवळच टेकणार ना?" दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला निरोप पाठविला की फोडावयाचे.

फोडल्यावर काय दिसले

येथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, झाले, सत्याचा विजय झाला. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

या पट्ट्याला १९९४ सालीच भेग पडली होती. तेव्हा मी काय केले? ज्या गवंड्याने तो घातला होता त्याला दोष दिला. त्याने सिमेंट खाल्ले, रेती जास्त घातली, असे मी आमच्या वसाहतीत ज्याने त्याने विचारले त्यास सांगितले. न विचारणाऱ्यांनाही सांगितले. शिक्षकाचा शब्द म्हणून लोक विश्वास ठेवीत. माझ्या माहितीत दोन घरांनी तरी माझे ऐकून त्याला काम दिले नाही. नंतर तो आमच्या बाजूला दिसेनासा झाला.

२०२२ च्या त्या सकाळी नव्या मिस्त्रीने पोर्चजवळचा भाग फोडावयास घेतला. घण बसत होते पण तुकडा निघत नव्हता. निघाला तेव्हा त्याने तो उचलून मला दाखविला. सर्वत्र पुरी चार इंच जाडी. खडी सिमेंटमधून सुटून येत नव्हती; खडीच फुटली होती. "माल तो अच्छा डाला था, माटसाब," तो म्हणाला. "जिसने भी डाला, ईमानदारी से डाला।"

तुकड्याखाली मूठ जाईल एवढी पोकळी आणि तिच्याखाली काळी माती. नुसती काळी माती.

मी विसरलो होतो असे म्हणालो तर ते खरे होणार नाही. मला आठवत होते. फक्त त्या आठवणीकडे मी पाहत नव्हतो. १९९१ साली त्या गवंड्याने मला स्वच्छ सांगितले होते की दोन फूट काळी माती काढा, मुरूम भरा, धुमसाने ठोका, मग काँक्रीट घाला. खर्च दोन-अडीच हजार जास्त येत होता. मी म्हणालो होतो, "आमच्याकडे स्कूटर आहे, हत्ती नाही. तसेच घाल." गच्चीचा नळ लांब नेऊन नालीत सोडा, असेही तो म्हणाला होता. त्यालाही मी पाइपाचा खर्च कशाला म्हणून नकार दिला होता. त्याने घातले ते उत्तम घातले. भेग माझी होती, आणि तीस वर्षे मी ती त्याच्या नावावर खपविली होती.

आता वाचकांनी विचार करावा. मी पहिल्या मिस्त्रीचा दुसरा मार्ग घेतला असता तर त्या तरुणाची फसवणूक झाली असती हे खरे. पण मलाही हे कधी दिसले नसते. झाकणारा दुसऱ्याचे डोळे बांधतो तेव्हा स्वतःचेही बांधतो. दोष झाकला की त्याचे कारणही झाकले जाते, आणि कारण दिसले नाही की तो दोष कोणाच्या तरी माथी मारणे सोपे जाते. बहुधा जो तेथे उत्तर द्यावयास नसतो त्याच्या. मला वाटते आपल्या घरांत आणि मंडळ्यांत जी जुनी वैरे चालत असतात त्यांतील पुष्कळांची गोष्ट अशीच असेल. वरून समेटाचा थर दिलेला असतो, हस्तांदोलन झालेले असते, एकत्र चहाही झालेला असतो. पण कोणी उकरून पाहिलेले नसते की मुळात मुरूम कोणी वाचविला होता.

मी त्या गवंड्याचा शोध केला. तो काही वर्षांपूर्वी वारला होता. त्याचा मुलगा बांधकामाच्या सामानाचे छोटे दुकान चालवितो. मी त्याच्याकडे गेलो आणि सर्व सांगितले. तो गिऱ्हाईक करीत करीत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पिताजी कहते थे कि नीचे काली मिट्टी है, फटेगा।" मग थोडे थांबून म्हणाला, "आप उनके रहते आते तो अच्छा होता।" मी मान खाली घातली. त्याने मला चहा दिला. मी तो घेतला, कारण न घेणे अधिक वाईट दिसले असते. वसाहतीत ज्या दोघांना मी त्या वेळी सांगितले होते त्यांतील एकच आता हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन माझे शब्द मागे घेतले. याहून अधिक काही करणे माझ्या हाती नव्हते. काही दुरुस्त्या उशिरा झाल्या की त्यांना पूर्वीचे बळ येत नाही, हे मी येथे लिहून ठेवतो.

दुरुस्तीची रीत

आता काम कसे केले ते सांगतो, कारण वाचकांपैकी कोणाला ते उपयोगी पडेल.

जेवढे वाईट दिसत होते त्यापेक्षा जास्त फोडावे लागले. ठोकून पाहत पाहत जेथे खणखणीत आवाज आला तेथवर गेलो, आणि कडा तिरप्या न ठेवता यंत्राने सरळ उभ्या कापल्या. तिरप्या कडेवर नवा माल पातळ पडतो आणि तोच आधी सुटतो. दोन फूट काळी माती काढली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसाने बसविला. सगळा एकदम टाकून वरून ठोकला तर खालचा भाग पोकळच राहतो. गच्चीचा नळ नालीपर्यंत नेला. हे काम सर्वांत स्वस्त होते आणि सर्वांत महत्त्वाचे. कारण बंद केले नाही तर नव्याचेही जुनेच होणार.

जुन्या काँक्रीटच्या कडा ब्रशाने धुऊन धूळ काढली आणि रात्रभर ओल्या ठेवल्या. जुने काँक्रीट कोरडे असले की नव्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. पण पाणी साचलेलेही नको. सकाळी कडा ओलसर पण वरून कोरड्या झाल्यावर त्यांना सिमेंटचे दाट पाणी फासले आणि ते वाळण्याआधीच माल घातला. प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी. पाणी गोणीमागे पंचवीस लिटरच्या आसपास. मजुरांना पाणी जास्त आवडते, कारण माल सहज पसरतो. पण जितके पाणी अधिक तितके काँक्रीट दुबळे, हा नियम अमेरिकेतील डफ एब्रम्स याने १९१८ साली प्रयोगांनी दाखवून दिला होता. सोपे काम आणि टिकाऊ काम यांचे भांडण तेथेही आहे.

मे महिन्याचे ऊन म्हणून काम पहाटेच उरकले. त्यावर गोणपाट पसरून चौदा दिवस ते ओले ठेवले. सौ. खुर्ची टाकून पोर्चमध्ये बसे आणि कोपरा वाळला की मला हाक मारी.

एक गोष्ट मला नवी होती. इतक्या जाडीच्या पट्ट्याला आठ-दहा फुटांवर, जाडीच्या चौथाई खोलीची एक आडवी खाच मुद्दाम पाडतात. काँक्रीट आकसणारच, खाच असली की भेग तिच्या पोटात सरळ पडते आणि कोणास त्रास देत नाही. आमच्या ३० फुटांत एकही खाच नव्हती, म्हणून भेग तिला हवी तशी गेली. फाटकाकडच्या चांगल्या भागातील ती भेग सिमेंटने भरली नाही. जी भेग अजून हलते तिच्यात कडक माल भरला तर ती शेजारी दुसरी वाट काढते. तिच्यात डांबरासारखा, ताणला जाणारा मसाला भरला.

आणि केसासारख्या बारीक, न हलणाऱ्या चार-दोन रेघा होत्या, त्यांना हातही लावला नाही. अशा रेघांत पाणी शिरले की आतल्या न भिजलेल्या सिमेंटला पुन्हा जीव येतो, चुन्याचे कण साठतात आणि पुष्कळदा त्या आपोआप बुजतात. प्रत्येक रेघ छन्नीने उकरीत बसणारा मनुष्य दुरुस्ती करीत नाही, नासधूस करतो. हे मी विशेषतः माझ्यासारख्या शिक्षकांसाठी लिहितो. दुसऱ्यांच्या बारीक रेघांवर आपले बोट फार लवकर जाते.

शेवटी

सगळे झाल्यावर मी त्या तरुणाला बोलाविले. काय निघाले, काय केले ते सांगितले. फाटकाकडच्या भागाखाली अजून काळी मातीच आहे, तेथे पुढे भेगा पडू शकतील, तेव्हा तेथे पाणी मुरू देऊ नये, हेही सांगितले. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की, मग पंचवीस हजार कमी करा. मी केले. खर्च आणि ही सूट मिळून सौ.च्या शस्त्रक्रियेच्या पैशांत मोठी तूट पडली आणि एक गुडघा त्या वर्षी व एक पुढल्या वर्षी करावा लागला. तिने एक वर्ष जास्त दुःख सोसले. म्हणून मी असे म्हणणार नाही की सचोटीचे फळ लगेच गोड लागते. किंमत पडली, आणि ती माझ्याहून अधिक तिने दिली.

शब्बाथशाळेचा तो मुलगा आता मोठा होऊन दूर गेला आहे. पण तसा प्रश्न विचारणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि शिक्षकांनी त्यांना दटावणी देऊन गप्प करू नये. मी आज त्याला उत्तर दिले असते ते असे: बाळा, सगळ्यांना सगळे सांगितलेच पाहिजे असे नाही. पण तू जे सांगितले नाहीस ते त्याला कळले असते तर त्याने वेगळे काही केले असते काय, हे स्वतःला विचार. केले असते असे उत्तर आले, आणि त्याने तसे करू नये म्हणूनच तू गप्प होतास, तर ती लबाडीच. आणि मग लवकर जाऊन सांग. उशीर केलास तर ज्याला सांगावयाचे तो मनुष्यच उरत नाही, आणि चहा त्याच्या मुलाच्या दुकानात घ्यावा लागतो.